आधी गाव, मग वस्ती

एका लहान मुलीचा पाय माझ्यामुळे गेला. गेला असावा, असं खरं तर लिहायला हवं, कारण याची पक्की खात्री कुणालाच देता येणार नाही. पण त्या 'असावा'च्या आड मी फार दिवस लपून राहिलो, म्हणून तो शब्द इथे वापरत नाही. पाय गेला ही एक गोष्ट. दुसरी तिच्याहून वाईट. पाय कशाने गेला असेल हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या आईने तो दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला तेव्हा मी तो घेऊ दिला. त्यानंतर त्या बाईला तिच्याच घरात, तिच्याच लेकरांच्या आजारपणात तोंड उघडायची सोय राहिली नाही.

मी तेव्हा आरोग्य सेवक होतो. जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अंगाला एका उपकेंद्रावर माझी नेमणूक होती. नोकरीत नवा होतो, सायकल होती, अंगात जोर होता. लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजण्याचं काम त्या वर्षांत नव्या जोमाने सुरू झालं होतं. पुढे देशभर एकाच दिवशी सगळ्या लेकरांना थेंब द्यायची मोहीम आली, भिंतीभिंतीवर तिची चित्रं रंगली. त्याच्या आधीचा हा काळ. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी आम्ही गावात जायचो आणि समोर येतील त्या लेकरांना डोस द्यायचो. एका लेकराला महिन्यामहिन्याच्या अंतराने तीन.

हे थेंब थंड राहायला लागतात. आरोग्य केंद्रात एक फ्रीज होता, पण लाइटीचा भरवसा नव्हता. उन्हाळ्यात बर्फ जिंतूरहून पहिल्या बसने, पोत्यात भुसा घालून यायचा. तो फोडून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरायचा, त्यात बाटल्या खोचायच्या आणि सायकलला थर्मास बांधून निघायचं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की गरम झालेला डोस म्हणजे निव्वळ पाणी. रंग तसाच गुलाबी राहतो, पण आत काही उरत नाही. शंका आली तर बाटली फेकून द्या, पण लेकराच्या तोंडात घालू नका. हे मी वहीत लिहून घेतलं होतं आणि मला ते पाठ होतं.

ज्या गावची ही गोष्ट, ते नाव मी लिहीत नाही. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे बौद्ध वस्ती. मी गेलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या पहिल्या दंग्याला बरीच वर्षं झाली होती. या गावात घरं जळाली नव्हती. पण त्या पावसाळ्यात वस्तीला दुकानातून मीठमिरची मिळणं बंद झालं होतं, शेतावर बोलावणं बंद झालं होतं, आणि ओढ्यावरून रात्री दगड यायचे, एवढं दोन्हीकडचे लोक सांगत. अलीकडचे हसत सांगत, पलीकडचे हळू आवाजात. वस्तीच्या तोंडाशी एक निळा झेंडा होता. गावातले लोक त्याच्याकडे बघायचं टाळत आणि तरी त्याच्याबद्दलच बोलत. वारं पडलेल्या दिवशी आभाळ भरून येतं आणि बरसत नाही, तसं त्या गावात कायम वाटायचं.

माझ्या आधी तिथे असलेल्या नर्सबाईंनी बदली होऊन जाताना मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "आधी गाव, मग वस्ती. उलटं करू नको बाबा. वस्तीवरून गावात आलास तर गावातलं एक लेकरू बाहेर यायचं नाही."

गावातला डोसाचा कार्यक्रम मालकांच्या ओसरीवर व्हायचा. मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या शब्दावर गावातल्या बाया लेकरं घेऊन यायच्या. वस्तीतल्या बाया ओसरीवर येण्याचा प्रश्नच नव्हता, कुणी त्यांना या म्हटलंही नव्हतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं होतं, "डाक्टर, ती थेंबाची नळी समद्यांच्या तोंडाला एकच लागती काय?"

मी सांगितलं की नळी तोंडाला लागतच नाही, वरून थेंब पडतो.

"तरी बी," त्या म्हणाल्या. "तिकडून फिरून इकडं नका आणू."

मी हो म्हटलं. मी त्यांच्याच जातीचा, शेतकऱ्याच्या घरातला. मला त्यात फार खटकलं नाही, हेही कबूल करतो. उलट वाटायचं, दोन्हीकडच्या लेकरांना डोस मिळतायत, क्रम कोणता का असेना. वस्तीवर आपण स्वतः चालत जातो, तिथल्या बाभळीखाली बसून देतो, याचं मनातून कौतुकही वाटायचं. पण गावातलं काम उरकून, चहापाणी होऊन, ओढा ओलांडेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असायचा. थर्मासात बर्फाचं पाणी झालेलं असायचं, त्यात चार खडे तरंगत असायचे. तेवढे खडे दिसले की मी मनाची समजूत घालायचो.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, तोही ज्येष्ठात. ऊन असं की सायकलच्या सीटवर हात ठेववत नव्हता. मी ओसरीवर पोचलो तेव्हा मालकांच्या घरी धांदल चालली होती. धोंड्याच्या महिन्याचं जेवण, जावई आलेले. औरंगाबादकडे नोकरीला असलेले जावई पांढऱ्या कपड्यांत झोपाळ्यावर बसले होते आणि रुमालाने वारा घेत होते.

मी लेकरांना थेंब देत होतो. मालक माझ्या थर्मासात डोकावले.

"बरफ हाय की भरपूर!" ते म्हणाले. "डाक्टर, जरासं द्या की. जावईबापूला सरबत करायचंय. आमच्या गावात बरफ म्हंजी सोन्यावानी."

"मालक, डोसासाठी आहे तो."

"आवो, डोस झालेच की तुमचे. आता किती राह्यलेत?"

"वस्ती राहिलीय."

मालक हसले. "वस्तीला बरफ लागतो व्हय? त्यांची लेकरं लय टणक असत्यात."

ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जावईही हसले. मीसुद्धा हसलो. मालकीणबाईंनी पितळी पातेलं पुढे केलं आणि मी थर्मास तिरका केला. बाटल्या हाताने धरून ठेवल्या होत्या, बर्फ तेवढा पातेल्यात पडला. पडताना जो आवाज झाला त्यावर आतली लहान मुलं धावत आली. एकेकाने एकेक खडा उचलून तोंडात घातला.

"जेवून जा," मालक म्हणाले. "येवढ्या उन्हात कुठं जाता? उन्हं खाली होऊ द्या."

मी जेवलो. पुरणाचे धोंडे होते, सरबत होतं, त्यात माझाच बर्फ होता. जेवल्यावर ओसरीच्या कोपऱ्यात आडवाही झालो. थर्मास माझ्या उशाशी होता.

ओढा ओलांडला तेव्हा दिवस कलला होता. वस्तीतल्या बाया सकाळपासून बाभळीखाली येऊन बसत होत्या, कंटाळून घरी जात होत्या आणि पुन्हा येत होत्या. त्यांतली एक तरुण बाई उठली. तिची पहिलीच मुलगी होती, अजून बसायला शिकलेली नव्हती. आधीचे दोन डोस मीच दिले होते, याच क्रमाने. हा तिसरा.

"लय येळ केलात दादा," ती म्हणाली. "आमी म्हनलं, आज इसरले आमाला."

दुसरी कुणीतरी म्हणाली, "इसरतेत कशाला? तिकडं जावई आलाय. वास आला की पुरनाचा इथवर."

हशा झाला. मी थर्मास उघडला. आतलं पाणी अंगाला लावलं तर ऊब लागेल इतकं गरम होतं. गार थेंब जिभेवर पडला की लेकरं दचकतात, डोळे मिटतात, तोंड वाकडं करतात. त्या दिवशी एकही दचकलं नाही. सगळ्यांनी ते थेंब दूध पितात तसे गपगुमान घेतले. त्या बाईची मुलगी तर माझ्याकडे बघून हसली.

"झाले ना हिचे तिन्ही?" आईने विचारलं.

"झाले."

"मंग आता भ्याव न्हाई?"

मी म्हटलं, "आता काळजी नाही."

हे मी का म्हटलं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. बाटल्या फेकून देऊन 'पुढच्या महिन्यात या' म्हणायला काहीच लागलं नसतं. पण मग डोस का फुकट गेले हे आरोग्य केंद्रात सांगावं लागलं असतं, आणि बर्फाचं काय झालं हे सांगावं लागलं असतं. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ओसरीवरच्या बायांच्या लेकरांना मी गरम डोस दिला नसता. तिथे माझा हात थांबला असता. इथे थांबला नाही.

पाऊस लागला. भादव्यात साथीचे ताप सुरू झाले. एके सकाळी मी उपकेंद्राचं दार उघडत होतो, तर ती बाई पायरीवर बसलेली. मुलगी मांडीवर. मुलीचा एक पाय दुसऱ्या पायासारखा हलत नव्हता. मी तो उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"पाय धरंना दादा," ती म्हणाली. "ताप आला व्हता लय. आत्याबाई म्हनत व्हत्या, नको नेऊ, उतरंल आपसूक. मीच आयकलं न्हाई. बाजाराच्या दिशी जिंतूरला नेली, तिथं सुई दिली कुल्ल्यावर. दुसऱ्या दिसापून पाय गेला."

मी तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिची सासू, तीच ती आत्याबाई, मागोमाग आली. तिथले डॉक्टर चांगले होते, तरुण होते, कामाची कळकळ असलेले. त्यांनी मुलीला नीट तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "डोस?"

"तिन्ही झालेत सर."

"गार होते?"

"होते."

हे उत्तर माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाच दचकायला झालं. डॉक्टरांनी मुलीचा पाय पुन्हा एकदा उचलून पाहिला. मग म्हणाले की तीन डोस होऊनही एखाद्या लेकराला होतो, आणि अंगात हा रोग शिरलेला असताना सुई टोचली तर त्याच पायावर येतो. ते तिला म्हणाले, "बाई, तापात सुई द्यायला नको होती." रागाने नाही म्हणाले. पण तिचा चेहरा त्या वाक्यानंतर जो झाला तो मी पाहिला. सासू बाहेर बसली होती. तिने दारातून सगळं ऐकलं होतं.

"मी बोंबलून सांगत व्हते," म्हातारी म्हणाली. "नको नेऊ, नको नेऊ. हिला लय शानपन."

डॉक्टरांना खरी परिस्थिती कळली असती तर त्यांनी काय केलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. त्याच दिवशी वस्तीतल्या सगळ्या लेकरांना पुन्हा डोस दिले असते. त्या दिवशी बाभळीखाली ज्यांनी ज्यांनी ते गरम थेंब घेतले, ती सगळी लेकरं उघडी होती. मी खोटं बोललो आणि त्या सगळ्यांना तसंच उघडं ठेवलं.

मग तो पावसाळा सरता सरेना. मी काही ना काही निमित्त काढून वस्तीवर जायचो. मलेरियाच्या गोळ्या, विहिरीत पावडर टाकणं, काहीही. जायचो आणि लेकरांचे पाय बघायचो. कुणी रांगत असलं तर दोन्ही गुडघे सारखे टेकतायत का ते बघायचो. कुणी रडत असलं की मी तिथेच थबकायचो. ओढ्याला पाणी असलं की मला बरं वाटायचं, कारण मग जाता यायचं नाही, आणि घरी आलो की त्याच पाण्याची भीती वाटायची. पलीकडे आज कुणाला ताप चढला असेल, हे कळायला मार्ग नसायचा. एकदा एक बाप आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन चिखलातून माझ्याकडे येताना दिसला आणि माझ्या हातून सायकल सुटली. मुलाच्या पायात काटा मोडला होता.

पुढच्या महिन्यात मी वस्तीतल्या लेकरांना पुन्हा डोस दिले. जादा डोस आलाय असं सांगितलं. आणि त्या दिवशी मी आधी वस्तीवर गेलो, मग गावात. नर्सबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. मालकांची ओसरी मोकळी होती. मालक एकटेच सुपारी कातरत बसले होते.

"काय डाक्टर," ते म्हणाले, "आमच्या ओसरीचं बी नामांतर करायलाव काय?"

मी म्हटलं, "मालक, बर्फ टिकत नाही म्हणून आधी तिकडे गेलो."

"तिकडंच जा मंग. आमची लेकरं द्येवाच्या भरवशावर हायेत."

त्या महिन्यात गावातल्या एकाही लेकराला थेंब मिळाले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. आता मी दोन्हीकडून घाबरलो. शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. दोन थर्मास द्यायचे, एक गावाचा, एक वस्तीचा. एक नर्स आणि एक मी, एकाच वेळी दोन्हीकडे. सगळ्यांना ते पटलं. गावाला विटाळ लागला नाही, वस्तीला गार डोस मिळाला. आमच्या भागातलं काम तिथून पुढे सुधारलं, हे खरं आहे. पण कशावर उभं राहून सुधारलं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या वस्तीत दुसरं लेकरू आजारी पडलं नाही. ती कृपा कुणाची, मला माहीत नाही. माझी नव्हती.

वर्षं गेली. बंद झाकणांच्या पेट्या आल्या. त्यांत मोकळा बर्फ नसायचा, बर्फाच्या सीलबंद थैल्या असायच्या. चांगला फ्रीज आला. पाय लुळा पडलेलं नवं लेकरू दिसणं हळूहळू कमी होत गेलं. माझी पर्यवेक्षक म्हणून बढती झाली. आता मी गावोगाव जाऊन बायांना माहिती सांगायचो. डोस का द्यायचा, किती द्यायचे, आणि तापात सुई का टोचून घ्यायची नाही. हे शेवटचं लोकांना पटत नसे, कारण सुईशिवाय औषध घेतल्यासारखं कुणाला वाटायचंच नाही. म्हणून मी एक गोष्ट सांगायला लागलो. एक आई होती. तिच्या मुलीचे तिन्ही डोस झाले होते. मुलीला ताप आला. सासू नको म्हणत असताना आईने हट्टाने सुई दिली. मुलीचा पाय गेला.

ही गोष्ट परिणामकारक होती. बाया हळहळायच्या, त्या आईच्या नावाने बोटं मोडायच्या. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. मी ती गोष्ट किती गावांत सांगितली याची गणती नाही. सांगता सांगता मलाही ती खरी वाटायला लागली होती.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, त्यानंतरचे ते दिवस होते. हिवाळा होता. गावागावांत पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. बाजार लवकर उठायचा. एसटी वेळेवर येईल की नाही सांगता येत नव्हतं. अशात त्या गावच्या शाळेत माता मेळावा ठरला. दंगाधोपा नको म्हणून दोन्हीकडच्या बायांना एकत्र बोलवा, असा वरून निरोप होता. बाया आल्या. गावातल्या पुढे, वस्तीतल्या मागे, मधे दोन हात जागा सोडलेली. शाळेच्या फाटकात एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता.

मी बोलत गेलो. डोस, ताप, सुई. आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "एक आई होती."

सासूपर्यंत आलो आणि मागे हालचाल झाली. पुढच्या बाया माना वळवून मागे बघायला लागल्या.

"हीच की ती," कुणीतरी म्हणालं.

मी पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पूर्वीपेक्षा खूप वाळली होती. शेजारी तिची सासू, सासूच्या मांडीवर वर्षभराचं एक लेकरू, कुंचीत गुंडाळलेलं. आणि दोघींच्या मधे ती मुलगी, शाळेचा निळा-पांढरा गणवेश घातलेली, लुळा पाय हाताने उचलून मांडीखाली घेऊन बसलेली.

"सांगा, सांगा डाक्टर," म्हातारी मोठ्याने म्हणाली. "येवढी वर्सं मी येगळं काय सांगायलेय?"

गावातल्या बायांत एकजण म्हणाली, "आई हाय का कसाई!"

ती उठली. कुणाकडे न बघता बाहेर गेली. मागोमाग मुलगी निघाली. एक हात गुडघ्यावर दाबायचा, मग तो पाय पुढे टाकायचा, असं चालत ती पायऱ्या उतरली. फाटकातल्या पोलिसाने पाय आखडून तिला वाट दिली.

मेळावा संपल्यावर मी म्हातारीजवळ गेलो. मांडीवरच्या लेकराचं अंग हाताला चटका बसेल असं तापलेलं होतं. त्याच्या कपाळाला अंगारा फासलेला होता.

"याचे डोस झालेत का?"

"कशाला? पोरीचे तीन झाले व्हते. काय उपेग झाला?"

"ताप किती दिवसांपासून आहे? दवाखान्यात का नेलं नाही?"

"माय न्यायला बघायली की. परवाच्यान निघाली व्हती पदराखाली झाकून. मी घेतलं हिसकून. एक लेकरू खाल्लं तिनं. ह्याला हात लावू देत न्हाई."

मी तिथेच उभा राहिलो. हे सगळं मी केलं होतं. त्या बाईने एकदा सुई देववली म्हणून तिच्या हातून लेकरू काढून घेतलं होतं, आणि तिला दोषी ठरवणारा शेवटचा शिक्का मी आत्ताच, सगळ्या गावासमोर, मारून आलो होतो. लेकराचे ओठ सुकले होते. आता गप्प बसलो तर पुढच्या मेळाव्यात मला दुसरी गोष्ट सांगायला मिळेल, हे मला स्पष्ट दिसलं.

मी म्हातारीच्या मागून ओढा ओलांडला. वस्तीत पुरुष घोळक्याने बसले होते. त्या दिवसांत गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाचे ते आधी हात बघत, मग तोंड. तिचा नवरा त्यांच्यातच होता. त्याने विचारलं, "काय साहेब, कामून आलाव?"

"तुमच्या घरी बोलायचंय. सगळ्यांसमोर."

तो उठला. त्याच्याबरोबर चारपाच जण उठले. ती दाराशी बसली होती, मुलगी आत पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी खाली बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

मी सांगितलं. त्या दिवशी मालकांच्या घरी बर्फ दिला, जेवलो, झोपलो. इथे आलो तेव्हा डोस गरम झाले होते. खराब झालेत हे माहीत असून दिले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. सुईने दुखणं वाढलं असेल, पण ते अंगात शिरलं तेव्हा त्याला अडवायला मुलीच्या पोटात काहीच नव्हतं. आधीचे दोनही असेच उशिरा, बर्फाचं पाणी झाल्यावर दिले होते; तिला खरे डोस मिळालेच नव्हते. मिळालं ते पाणी.

मग नवरा म्हणाला, "म्हंजी जावयाच्या सरबतात गेला म्हना बरफ."

"हो."

"आन आमी इथं उन्हात बसलो व्हतो."

"हो."

त्याने हात उचलला. मला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर मी हललो नसतो. पण त्याने तो हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला आणि भिंतीकडे वळला.

ती माझ्याकडे बघत होती. "तवा कामून बोलला न्हाईत?" तिने विचारलं.

"नोकरीच्या भीतीने," मी म्हटलं. "आणि तुम्ही मला काही विचारणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून."

म्हातारीकडे वळून मी म्हटलं, "आजी, सुनेने लेकरू दवाखान्यात नेलं, ते बरोबर केलं होतं. ताप आल्यावर आईने जे करायचं तेच तिने केलं. चूक दवाखान्यात नेण्यात नव्हती."

ती उठली. सासूच्या मांडीवरून तापलेलं लेकरू तिने उचललं. म्हातारीचे हात जरा वेळ तसेच वाकलेले राहिले, मग तिने ते खाली सोडले. नवऱ्याने खुंटीवरची शाल काढून लेकरावर टाकली. दोघं निघायच्या तयारीला लागली.

मी म्हटलं, "ताई, माझं..."

"मला काय म्हनता?" ती मधेच म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाई होती. "तिला म्हना. पाय तिचा गेलाय."

मी आत गेलो. मुलीने पाटीवरून मान वर केली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बाहेरचे सगळे ऐकत होते.

"पोरी," मी म्हटलं, "तुझा पाय माझ्यामुळे गेला. तुझ्या आईमुळे नाही. मी तुला चांगलं औषध द्यायला हवं होतं, ते दिलं नाही, आणि नंतर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."